रॉकेलची ओळ

"तू तिथं करतेस तरी काय?" असं अण्णा मला आठवड्यातून एकदा तरी विचारायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. चामराजपेटेत आमचं शिवणकामाचं दुकान होतं, पणजोबांच्या वेळचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, तेही संध्याकाळच्या कॉलेजात. एवढं शिकून आपली नोकरी घरच्यांना समजावून सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटायचं.

"लोक एकत्र बसतात, अण्णा. त्यांची काहीतरी अडचण असते. ते कॉम्प्युटरवर लिहितात आणि मिळून ती सोडवतात."

"एकत्रच बसलेत ना? मग तोंडानं बोलू देत की."

"तोंडानं बोललं की भांडण होतं."

"सरी, ठीक आहे. म्हणजे तू भांडण सोडवतेस."

"नाही, मी... मशीन चालू करते."

"आणि करंट गेला की?"

"स्वल्प वेळ बॅटरीवर चालतात."

"मग जोरात भांडण असलं तर बॅटरी पुरायची नाही," असं म्हणून अण्णा काजं करायला लागायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी आणि मराठी फक्त घरातलं. शिवाय मी कुठे मोठ्या पदावर नव्हते. पण नव्वदच्या दशकातल्या त्या खोलीत मी जे पाहिलं ते पाहिलेली माणसं फार नाहीत. म्हणून लिहिते. बोलणं बहुतेक सगळं कन्नडमध्ये झालेलं आहे, इथे मराठीत देते.

खोली कोरमंगलात होती. तेव्हा तिकडे रिकामे प्लॉटच जास्त. आमचे नाडिग सर परदेशात शिकवून परत आले होते आणि त्यांनी आपल्या घराच्या तळमजल्यावर ही खोली केली होती. घोड्याच्या नालासारखं वळलेलं एक टेबल, त्यावर आठ कॉम्प्युटर, सगळे एका तारेने जोडलेले. समोर भिंतीवर पांढरा पडदा. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर एक काचेची पाटी ठेवली की कॉम्प्युटरवरची अक्षरं त्या पडद्यावर उमटायची. आज याचं कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत यायचे, आम्ही न सांगता.

आमच्या कामामागचा विचार साधा होता. नेहमीच्या मीटिंगमध्ये एका वेळी एकच माणूस बोलतो. पहिला बोलतो साहेब, आणि मग बाकीचे तेच वेगळ्या शब्दांत बोलतात. आमच्या खोलीत आठही जण एकाच वेळी लिहीत. लिहिलेली ओळ पडद्यावर यायची, पण नावाशिवाय. मग सगळ्यांनी ती वाचायची, तिला जोड द्यायची, खोडायची, शेवटी मत द्यायचं. सर म्हणायचे, "एकेकाला थोडं थोडं माहीत असतं. ते एका जागी आलं की पुष्कळ होतं. आपण फक्त जागा द्यायची."

एकदा तिघे भाऊ आले होते, छापखान्याचे मालक. तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेजारी शेजारी बसून दोन तास नुसते टायपत राहिले, छापखाना विकायचा की ठेवायचा यावर. शेवटी मधला भाऊ तोंडाने पहिलं वाक्य बोलला: "याला चहात साखर घालू नका, डायबिटीस आहे." सरांनी तेवढ्यावरच सेशन यशस्वी झालं असं वहीत लिहिलं.

पण मला सांगायचं आहे ते बोम्मसंद्र्याच्या पंपांचं.

होसूर रोडवर बोम्मसंद्र्याला पाण्याचे छोटे पंप बनवणारा एक कारखाना होता. त्यांचे पंप गिऱ्हाइकाकडे गेले की दोन-तीन आठवड्यांत गळायला लागायचे. कारखान्यातून निघताना मात्र प्रत्येक पंपावर 'टेस्ट पास' असा शिक्का असायचा. मग चूक कुणाची? शिक्का मारणाऱ्याची. बसवराज नावाचा माणूस अठरा वर्षं टेस्टिंगला होता. पंप न तपासताच शिक्के मारतो, असा ठपका ठेवून त्याला सस्पेंड केलं होतं. चौकशी होऊन गेली होती, निकाल पुढच्या सोमवारी. त्या सोमवारी नोकरी जाणार हे त्याच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

कारखान्याचे जी.एम. आमच्याकडे आले ते बसवराजसाठी नव्हे. नवा टेस्टर घेतल्यावरही पंप गळतच होते, म्हणून आले. सरांची अट एकच असायची. पंपाला ज्याचा ज्याचा हात लागतो, त्या प्रत्येक खात्यातलं माणूस खोलीत हवं.

"सगळे आणतो," जी.एम. म्हणाले. "बसवराज सोडून. सस्पेंड माणसाला कंपनीच्या मीटिंगला कसं बोलावू?"

"मीटिंग तुमच्या कंपनीत कुठं आहे? माझ्या घरात आहे," सर म्हणाले. "माझ्या घरी कुणी यायचं ते मी ठरवतो."

गुरुवारी सकाळी आठ जण आले. जी.एम., डिझाइनचा तरुण इंजिनियर, मशीन शॉपचा फोरमन, परचेस आणि स्टोअर्सचा एकेक जण, असेंब्लीचे सुपरवायझर रंगप्पा, असेंब्लीत पंप जोडणारी जयम्मा, आणि बसवराज. बसवराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. टोकाच्या खुर्चीवर बसला आणि की-बोर्डकडे असा पाहत राहिला, की जणू तोही कुणी पुरावा म्हणून ठेवला असावा. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाला, "मी पास केला तेव्हा पंप गळत नव्हता. एवढंच सांगत आलोय मी, मॅडम. हे लिहायला एवढं मशीन लागतं का?"

सकाळ वाया गेली, आणि त्यात माझी चूक होती.

आमच्या मशीनवर फक्त इंग्रजी यायचं. पहिली ओळ पडद्यावर आली ती लांबलचक, छान वळणदार. टेस्टिंगच्या टप्प्यावर शिस्तीचा अभाव आहे, असं काहीतरी. नाव नव्हतं, पण असं इंग्रजी त्या खोलीत एकाच माणसाचं होतं. पुढच्या पाच मिनिटांत त्याच अर्थाच्या चार ओळी आल्या. पडद्याआडून बोललं तरी आवाज ओळखू यावा, तसं झालं.

जयम्माला इंग्रजी येत नव्हतं. ती नुसती बसून होती. मला वाटलं, मदत करावी. मी तिच्या खुर्चीजवळ वाकले. ती कानात बोलली, मी टाइप केलं, एंटर दाबलं. पडद्यावर ओळ आली: रिंग बसवायला फार घट्ट आहे.

रिंग म्हणजे पंपाच्या दोन भागांमध्ये बसते ती रबराची कडी. तिच्यामुळेच पाणी आत राहतं.

रंगप्पा खुर्चीसकट वळले. "काय गं जयम्मा, घरच्या बांगड्या बऱ्या चढतात हातात, आणि रिंग तेवढी घट्ट होय?"

सगळे हसले. जी.एम. पण हसले. जयम्माने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा वर आणले नाहीत. ती माणसं हसली याचा राग मला नंतर आला. आधी आला तो माझा स्वतःचा. नाव दिसणार नाही असा शब्द आम्ही तिला दिला होता, आणि मी सगळ्यांसमोर तिच्याजवळ जाऊन उभी राहिले होते.

सुट्टीत सगळे बाहेर बिसीबेळेभात खात होते. सर आत कपाळाला हात लावून बसले होते. दुपारी काही झालं नाही तर सोमवार ठरलेला होता. मला एक सुचत होतं, पण सरांना सुचवायचं म्हणजे माझी जीभ अडखळायची.

"सर, सगळ्यांचं मीच टाइप केलं तर?"

"सगळ्यांचं? जी.एम.चंसुद्धा?"

"त्यांचं आधी, सर. प्रत्येकाजवळ सारखाच वेळ बसायचं. कुणी काही बोललं नाही तरी तेवढाच वेळ."

"अगं, पण तुझं इंग्रजी..." सर थांबले. भला माणूस, पुढचं बोलले नाहीत.

"म्हणूनच, सर. सगळ्यांचं माझ्याच इंग्रजीत येईल. साहेबाचं आणि जयम्माचं सारखंच दिसेल."

सरांनी कपाळावरचा हात काढला. मग खुर्चीवरून असे उठले, की खुर्ची मागे पडली. "शांता! आणि ओळी लगेच सोडायच्याच नाहीत! साठवायच्या. फेरी संपली की उलटसुलट करून एकदम पडद्यावर!" ती सोय प्रोग्राममध्ये पहिल्यापासून होती. आम्ही कधी वापरली नव्हती.

"पण कानात बोललेलं शेजारच्याला ऐकू जाईल," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी एकाच वेळी कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे पाहिलं. तेव्हाचे प्रिंटर म्हणजे पत्र्यावर करवत चालवावी तसा आवाज. सरांनी त्याला काहीतरी जुनं शंभर पानी छापायला लावून दिलं.

अशी दुपार सुरू झाली. जी.एम.ना हे पसंत नव्हतं. "मला टाइप करता येतं," ते म्हणाले.

"सगळ्यांना सारखा नियम आहे, सर," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की प्रिंटरच्या आवाजात त्यांना तो ऐकू गेला की नाही कोण जाणे. पण त्यांनी कान पुढे केला, मग तोंड, आणि हळू बोलले.

दोन मिनिटं जी.एम., दोन मिनिटं परचेस, दोन मिनिटं रंगप्पा. सर घड्याळ धरून उभे. कुणी गप्प राहिलं तर मी नुसतीच बटणं वाजवायची आणि खोडून टाकायचं, म्हणजे बोललं की नाही तेही कळू नये. एक फेरी झाली की ओळी पडद्यावर यायच्या, मोडक्यातोडक्या, छोट्या, सगळ्या एकाच घरच्या मुलांसारख्या. सर त्या कन्नडमध्ये वाचून दाखवायचे, आणि पुढच्या फेरीत प्रत्येकाने त्यांना जोड द्यायची.

पहिल्या फेरीत आलं: रिंग कोरडी बसत नाही. ग्रीस मागितलं की स्टोअर्स सुपरवायझरची सही मागतं. सही मागितली की सुपरवायझर ओरडतात. रिंगचा पुरवठादार बदलला आहे. आणि रंगप्पांना पुन्हा मान वळवायची होती, पण वळवायची कुणीकडे? ते छताकडे पाहायला लागले.

दुसऱ्या फेरीत मी एका खुर्चीजवळ बसले आणि कानात आलेली गोष्ट टाइप केली: ग्रीस नसलं की रिंगला रॉकेल लावून बसवतात. पार्ट धुवायला रॉकेल तिथे असतंच. मी उठले, पुढच्या खुर्च्यांवर गेले. आणि टेबलाच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक जण कानात म्हणाला: नवी रिंग स्वस्त रबराची आहे. पातळ तेल लागलं की ती फुगते.

माझी बोटं थांबली. टेबलाच्या या टोकाचं आणि त्या टोकाचं, दोन्ही फक्त मला माहीत होतं, आणि ते एकमेकांत असं बसत होतं की... मला ओरडावंसं वाटत होतं. पण दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. मी टाइप केलं, पुढच्या खुर्चीकडे गेले, आणि तिथे जो बसला होता त्याला काही सांगायचं नव्हतं, म्हणून पूर्ण दोन मिनिटं बटणं वाजवत राहिले. माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब दोन मिनिटं ती.

ओळी पडद्यावर आल्या. सरांनी रॉकेलची वाचली, दोन ओळी सोडून रबराची वाचली, आणि त्यांचाही आवाज बदलला. डिझाइनचा पोरगा उभाच राहिला. "फुगली म्हणजे त्या दिवशी घट्ट बसेल!" तो जोरात म्हणाला. नियम मोडला, पण आता कोण अडवणार! "टेस्ट पास होणारच! आणि रॉकेल उडून गेलं की रिंग पुन्हा बारीक!"

"बसून सांगा, फेरीत सांगा," सर म्हणत होते आणि स्वतः बसत नव्हते.

तिसऱ्या फेरीत एक ओळ आली: एक पास झालेला पंप मी तीन आठवडे कोपऱ्यात ठेवून पुन्हा तपासला होता, गळला, दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. ही ओळ कुणाची ते झाकायला माझं इंग्रजीसुद्धा पुरलं नाही. सगळ्यांनी टोकाच्या खुर्चीकडे पाहिलं. बसवराज पडद्याकडे पाहत होता. त्याच्या आयुष्यातली गोष्ट इतक्या मोठ्या अक्षरांत पहिल्यांदाच लिहिली गेली असावी.

तेवढ्यात जी.एम. म्हणाले, "कुणी लावलं रॉकेल?"

खोली पुन्हा सकाळसारखी गार झाली. सर म्हणाले, "साहेब, तुम्ही गळती शोधायला आला होता. ती सापडली."

मग सगळे चपला घालायला बाहेर गेले. जी.एम. मागे राहिले. सर फोनवर होते. खोलीत मी एकटी, तारा गुंडाळत होते.

"कुणी सांगितलं ते तुला माहीत आहे," ते म्हणाले. ओरडले वगैरे नाहीत, उलट अगदी घरच्या माणसासारखं विचारलं. "मला फक्त नाव हवंय. पंप कुणी बिघडवले ते मला कळायला नको?"

मी पुढची तार उचलली.

"तुझी नोकरी सरांकडे आहे. सरांचं काम आमच्याकडे आहे. आमच्यासारखी अजून कामं यायची आहेत."

"हो, सर."

"मग?"

"मग नाही सांगता येत, सर." हातातली तार मी उगाचच पुन्हा सोडली. "मी एकाचं सांगितलं, की उद्या तुम्ही माझ्या कानात बोललेलंसुद्धा कुणालातरी सांगेन."

त्यांनी माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं. त्यांनीही दुपारी मला काहीतरी सांगितलं होतंच. तेही मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी विचारलं, "तारेला लेबल लावत नाही का तुम्ही?" आणि गेले.

सोमवारी निकाल लागला नाही. जी.एम.नी तो तीन आठवडे पुढे ढकलला आणि आठ पंप जोडून घेतले. चार ग्रीस लावून, चार रॉकेल लावून. सगळे टेस्टला पास झाले. मग ते कपाटात ठेवून कुलपावर कागद चिकटवला, त्यावर आठही जणांच्या सह्या. जयम्माने कन्नडमध्ये केली, जी.एम.च्या सहीच्या वर.

तीन आठवड्यांनी सर आणि मी बसने बोम्मसंद्र्याला गेलो. टेस्टिंग म्हणजे पंपात हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. जी.एम. म्हणाले, "बसवराजच करेल." नवा टेस्टर बाजूला झाला. बसवराजने बाह्या दुमडल्या, पाण्यात हात घालून पाहिलं, टाकीच्या कडेवरची धूळ पुसली. अठरा वर्षांची सवय. आम्हाला मात्र दम निघत नव्हता.

ग्रीसचे चार. एकही बुडबुडा नाही.

रॉकेलचा पहिला. काही नाही. रंगप्पा "बघा, बघा," म्हणायला लागले. बसवराजने नुसता हात वर केला. "स्वल्प थांबा, रंगप्पण्णा. पंपाला घाई नसते."

मग खालून एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. मग दुसरा. मग माळच लागली. डिझाइनच्या पोराने टाळ्या वाजवल्या आणि जयम्माने त्याला "श्शू" केलं, देवळात करावं तसं. चारही गळले. जी.एम. टाकीवर इतके वाकले होते, की त्यांचा टाय पाण्यात गेला.

"बसवराज," ते टाय पिळत म्हणाले, "आजपासूनच कामावर लाग."

त्या दिवशी निघताना मी जयम्माची माफी मागितली, त्या गुरुवारी सकाळी सगळे हसले त्याबद्दल. ती म्हणाली, "हसू दे की. पण पुन्हा कुणाजवळ अशी वाकू नकोस." असेंब्लीत ग्रीसचा डबा आता सहीशिवाय मिळतो, हेही तिनेच सांगितलं. आणि भिंतीवर 'रॉकेल वापरल्यास कारवाई' अशी पाटी लागली आहे, हेही. ती पाटी मला अजून टोचते. आम्ही खोलीत इतकं सगळं एकत्र आणलं, आणि भिंतीवर गेलं ते एवढंच. तो कारखाना पुन्हा आमच्याकडे आला नाही. काही वर्षांनी आमची खोलीही बंद झाली. लोकांच्या टेबलावर स्वतःचे कॉम्प्युटर आले आणि सगळ्यांना वाटलं, आता एकत्र बसायची गरज नाही.

त्या टेस्टनंतरच्या रविवारी बसवराज कोरमंगलात आला, दोन बस बदलून. हातात मैसूरपाकाचा मोठा डबा. सर गावाला गेले होते.

"मॅडम, ती रॉकेलची ओळ कुणी सांगितली?"

"बसवराजण्णा..."

"मला भांडायचं नाही. त्या माणसानं स्वतःची नोकरी धोक्यात घालून माझी वाचवली. त्याच्या हातात हा डबा द्यायचा आणि पाया पडायचं. एवढंच."

जी.एम.ना नाही म्हणताना मला भीती वाटली होती. याला नाही म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, एक नाव. चांगल्या कामासाठी. कुणाचं काय बिघडणार आहे?

"नाही सांगता येणार, बसवराजण्णा," मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. रागावला असं मला वाटलं. पण तो मनाशी काहीतरी मोजत होता.

"त्या खोलीत मी सोडून सात जण होते. त्यांच्यातलंच कुणीतरी, बरोबर?"

"तेवढं बरोबर."

"सरी. जुना पेपर आहे का घरात? आणि दोरा?"

आम्ही दोघांनी मिळून मैसूरपाकाचे सात सारखे वाटे केले आणि सात पुड्या बांधायला घेतल्या.

"रंगप्पांनापण?" मी विचारलं.

"त्यांनापण."

"जी.एम.नासुद्धा?"

"कोण जाणे, त्यांनीच सांगितलं असेल!" असं म्हणून तो मोठ्याने हसला. मग हसता हसता थांबला आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहायला लागला. मी मान वर केली नाही. पुडीला दोरा गुंडाळत राहिले.